पूर कोणाच्या कर्माचा?

आम्ही आज एक प्रश्न आपणांपुढे मांडीत आहोत. प्रश्न आमचा नव्हे. तो चिपळूणच्या एका वृद्ध माउलीने आम्हांस विचारला, आणि त्या दिवशी आम्हांस त्याचे उत्तर देता आले नाही. इतकी वर्षे नारदांच्या गादीवर उभे राहून बोलणारा मनुष्य एका साध्या प्रश्नापुढे मुका झाला, ही गोष्ट लपविण्यासारखी असेल. पण लपवून ठेवली तर प्रश्न तसाच राहील. म्हणून सांगतो.

सन २०२१ ची आषाढी आपणां सर्वांस आठवत असेल. महामारीमुळे पायी वारी बंद होती. मानाच्या पालख्या एस. टी. गाड्यांतून पंढरीस गेल्या आणि आपण घरच्याच देव्हाऱ्यापुढे टाळ धरला. २० जुलै रोजी एकादशी झाली, दुसरे दिवशी द्वादशीचे पारणे सुटले, आणि त्या रात्री कोकणात पावसाने जो धरला तो सोडीना. त्रयोदशीस, म्हणजे २२ जुलैच्या पहाटे, वाशिष्ठी आणि शिवनदी या दोघींनी मिळून चिपळूण शहर घेतले. बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला लागले. एस. टी. आगाराचे व्यवस्थापक आणि त्यांचे काही सहकारी आगाराची सुमारे ९ लाखांची रोकड उराशी धरून गाडीच्या टपावर कित्येक तास बसून राहिले. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरून ग्रंथांचा लगदा झाला. त्याच पावसात खेड तालुक्यात पोसरे येथे दरड कोसळून १७ माणसे गेली, आणि पलीकडे महाड तालुक्यात तळिये येथे डोंगर उतरला तेव्हा ८० हून अधिक जीव मातीखाली गेले.

पाणी ओसरल्यावर आम्ही रत्नागिरीहून काही टाळकऱ्यांसह तांदूळ, घोंगड्या आणि पिण्याचे पाणी घेऊन चिपळुणास गेलो. कीर्तन करण्याचा तो प्रसंगच नव्हता. हातात खराटा आणि घमेले घेण्याचा होता. बाजाराच्या मागल्या आळीत ही माउली पायरीवर बसून चिखलाने भरलेली समई पुसत होती. गळ्यात माळ. दोरीवर भिजलेल्या हरिपाठाची पाने वाळत घातलेली. आम्हांस ओळखून ती म्हणाली, "बुवा, माळ घातल्यापासून एकादशी मोडली नाही. कुणाचं वाईट चिंतलं नाही. मग देव आमच्यावर एवढा का हो रागावला?"

आम्ही काही बोललो नाही. बोललो नाही याला कारण आहे.

सन २००५ मध्ये २६ जुलैचा प्रलय झाला. मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, चिपळूण तेव्हाही बुडाले, महाडच्या बाजूस दासगाव, जुई, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या. त्या वर्षी एका गावी कीर्तनात आम्ही मोठ्या आवेशाने सांगितले की, माणूस देवधर्म विसरला म्हणून देव कोपला. ज्याचे जसे प्रारब्ध तसे त्यास भोगावे लागले. सभेने माना डोलविल्या. मागच्या बाजूला एक गृहस्थ बसले होते. त्यांचा सख्खा भाऊ त्याच पावसात दरडीखाली गेला होता, हे आम्हांस नंतर कळले. ते शांतपणे उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. पुढे आमच्या कीर्तनास ते कधी आले नाहीत. सोळा वर्षांनी त्या पायरीपाशी उभे असता आम्हांस तीच पाठमोरी आकृती दिसली. जे तेव्हा त्यांस सांगितले, तेच या माउलीस सांगावयाचे काय?

आता विषयाकडे येऊ. ताप तीन आहेत, हे आपण कीर्तनात नेहमी ऐकतो : आध्यात्मिक, आधिभौतिक आणि आधिदैविक. ईश्वरकृष्णांच्या सांख्यकारिकेचा आरंभच या दुःखत्रयाने होतो. स्वतःच्या देहामनापासून होते ते आध्यात्मिक. दुसऱ्या प्राण्यापासून, माणसापासून, सर्पविंचवापासून होते ते आधिभौतिक. आणि थंडी, ऊन, वारा, पाऊस, वीज यांपासून होते ते आधिदैविक, असे गौडपादांच्या भाष्यात आहे. या वाटणीप्रमाणे पूर हा आधिदैविक ताप झाला. पाठशाळेत आम्ही असेच शिकलो आणि इतरांस असेच शिकविले.

या वाटणीचा व्यवहारात मोठा उपयोग असतो. आधिदैविक तापापुढे मनुष्य हात जोडतो, सोसतो, नामस्मरण करतो. आधिभौतिक तापाचा मात्र बंदोबस्त करावयाचा असतो. घरात साप निघाला तर कोणी नुसते हात जोडून बसत नाही. कंदील आणतो, मुलेबाळे बाजूस घेतो. म्हणून पूर कोणत्या खान्यात घालावयाचा, हा नुसता पंडितांचा वाद नाही. त्यावर आपण काय करणार हे ठरते.

येथे कोणी म्हणेल, "बुवा, पाऊस पाडणारा देवच ना? मग तो देवाचा कोपच." यास शास्त्रातच उत्तर आहे. ब्रह्मसूत्रांत ईश्वरावर येऊ शकणाऱ्या दोन दोषांचा विचार केला आहे : वैषम्य आणि नैर्घृण्य. वैषम्य म्हणजे पंक्तिप्रपंच, नैर्घृण्य म्हणजे निर्दयपणा. पोसऱ्याच्या वाडीतील गरिबाची झोपलेली पोरे देवाने मारली आणि डोंगर पोखरणारा बंगल्यात सुखरूप ठेवला, असे आपण म्हणू तर हे दोन्ही दोष आपणच देवाच्या माथी मारतो. विटेवर उभा राहून भक्ताची वाट पाहणारा आपला देव एकादशी करणाऱ्या म्हातारीचे घर बुडवील, असे ज्यास वाटते त्याने आपली वारी कोणासाठी होती याचा एकदा विचार करावा.

मग दुसरा पक्ष पुढे येतो. "देव तर समान आहे. तो ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे फळ देतो. तेव्हा जे बुडाले ते आपल्या प्रारब्धाने बुडाले." हा पक्ष बलवान आहे, कारण तो शास्त्राच्याच आधाराने उभा आहे. न केलेले कर्म माणसाच्या वाट्यास आले तर त्यास अकृताभ्यागम नावाचा दोष म्हणतात आणि शास्त्र तो दोष मान्य करीत नाही. जे भोगले ते कधीतरी केलेलेच असले पाहिजे. आम्ही हे नाकारीत नाही. नाकारण्याचा आमचा अधिकार नाही.

पण सज्जनहो, येथेच आम्ही कीर्तनकार इतकी वर्षे अर्धेच शास्त्र सांगत आलो. कर्म तीन प्रकारचे : संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. समजा, रस्त्याने जाणाऱ्याच्या डोक्यात आम्ही धोंडा घातला. त्याचे डोके फुटले हे त्याचे प्रारब्ध असेलही. पण न्यायाधीशापुढे उभे राहून आम्ही म्हणू लागलो की, "साहेब, याचे प्रारब्धच तसे होते, मी निमित्तमात्र," तर आम्हांस कोणी सोडील काय? त्याचे प्रारब्ध त्याच्या खाती. धोंडा उचलून टाकणे हे आमचे क्रियमाण, आणि ते आमच्या खाती. एकाचे भोगणे दुसऱ्याचे करणे पुसून टाकीत नाही. शिवाय दुसऱ्याचे प्रारब्ध वाचण्याची दृष्टी आम्हां कोणाकडे आहे? आपले क्रियमाण मात्र डोळे उघडे ठेवले तर रोज दिसते. तेव्हा पुराविषयी बोलताना भोगणाऱ्याच्या प्रारब्धाची चौकशी सोडून, त्या पुरात कोणाकोणाचे क्रियमाण मिसळले आहे एवढेच आपण पाहावे. ते पाहण्यासारखे आहे.

नैयायिक म्हणतात, कार्य एका कारणाने होत नाही, कारणसामग्री लागते. घटाला माती पाहिजे, चाक पाहिजे, दंड पाहिजे आणि कुंभारही पाहिजे. चिपळूणच्या पुराची सामग्री पाहा. पहिली गोष्ट पाऊस : त्या एका अहोरात्रात महाबळेश्वरास ५९४ मिलिमीटर, म्हणजे २३ इंचांहून अधिक पाणी पडले. दुसरी गोष्ट भरती : वाशिष्ठी दाभोळच्या खाडीने समुद्रास मिळते, आणि समुद्र भरलेला असला की तो नदीचे पाणी घेत नाही. तिसरी गाळ : सह्याद्रीच्या उतारावरची झाडे गेली, माती सुटली, ती नदीत येऊन बसली आणि पात्रात बेटे झाली. चौथी गोष्ट बांधकाम : नदीकाठच्या सखल जागा, जेथे पुराचे पाणी पूर्वी पसरत असे, तेथे भराव पडले आणि इमारती झाल्या. पाचवी धरणाचे पाणी : कोयनेचे पूर्वेस जाणारे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पोफळी-अलोरेकडे आणून त्यावर वीज करतात, आणि ते कोळकेवाडीहून वाशिष्ठीत येते. त्या रात्री किती पाणी सुटले यावरून पुढे मोठा वाद झाला. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू लागला. माती म्हणते चाकाने केले, चाक म्हणते दंडाने केले, आणि घट तर समोर तयार आहे!

बोट दाखविण्याची ही खोड जुनीच. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि वीसच्या आसपास माणसे वाहून गेली. तेव्हा सरकारातील एका जबाबदार मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरले असे कारण सांगितले होते. लोक हसले, चिडले. पण आमच्या मनात येते की, आम्ही तरी वेगळे काय केले? त्यांनी खेकड्यावर घातले, आम्ही देवावर घातले. खेकडा काय आणि देव काय, दोघेही उलटून बोलत नाहीत.

या सामग्रीत आणखी एक सहावी गोष्ट आहे, आणि ती आमच्या पाठशाळेच्या काळात कोणी सांगितली नव्हती. कारखाने सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लक्ष भागांत कर्बवायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. दगडी कोळसा आणि तेल जाळून हा वायू वाढला. तो पृथ्वीची ऊब बाहेर जाऊ देत नाही. घोंगडी पांघरल्यासारखे होते. पृथ्वी सरासरीने एका अंशाहून अधिक तापली, आपला अरबी समुद्रही तापला. हवा एक अंश तापली की तिच्यात सुमारे शेकडा ७ अधिक वाफ मावते. आणि जी वाफ वर गेली ती केव्हातरी खाली येणारच. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी इतर संशोधकांसह २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात पश्चिम किनाऱ्यापासून ओरिसापर्यंतच्या मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या पावसाचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. गंमत अशी की, चार महिन्यांचा एकूण पाऊस वाढलेला नाही. तेवढेच पाणी, पण आता थोड्या दिवसांत आणि घागर उपडी केल्यासारखे.

अमुक एक पूर केवळ या तापण्यानेच आला, असे आम्ही म्हणत नाही. पूर पूर्वीही येत. शकुनीच्या फाशांचे उदाहरण घ्या. कोणताही एक डाव खऱ्या फाशानेही तसाच पडू शकला असता. पण डावामागून डाव एकाच बाजूला पडू लागला, तेव्हा फाशातच काही आहे हे सभेने ओळखावयास हवे होते. २००५, २०१९, २०२१, आणि मग १९ जुलै २०२३ ची इर्शाळवाडी. यांत धरण फुटले ते वेगळे आणि दरड कोसळली ती वेगळी. तरी पावसाचा फासा आता जड झाला आहे, हे ओळखण्यास आपण किती डाव थांबावयाचे?

म्हणून आम्ही आता असे म्हणतो की, पूर हा पूर्वीसारखा निव्वळ आधिदैविक ताप राहिला नाही. त्यात माणसाची करणी मिसळली आहे. जेवढ्या भागात ती मिसळली आहे तेवढ्या भागात तो आधिभौतिक झाला. देवाच्या खात्यावरचे हे ओझे तेवढ्यापुरते उतरवून आपल्या खात्यावर घ्यावे लागेल.

आता कोणी विचारील, "आपल्या म्हणजे कोणाच्या? धूर काढला साहेबांच्या देशांनी, आणि पाप आमच्या कोकणाच्या माथी?" प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत एका माणसामागे वर्षाला सुमारे चौदा टन कर्बवायू निघतो, आपल्या देशात सुमारे दोन टन. आणि पोसऱ्याच्या वाडीत त्याहूनही किती कमी! ज्याने केले तो एकीकडे आणि ज्याने भोगले तो दुसरीकडे. मोठ्या देशांकडून त्यांचे देणे मागितलेच पाहिजे आणि राज्यकर्त्यांनी ते मागावे. पण दुसऱ्याचा वाटा मोठा म्हणून आपला वाटा शून्य होत नाही. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातच जयगडला कोळशावर वीज होते. ती वीज आमच्या कीर्तनाच्या ध्वनिक्षेपकात येते. नदीकाठच्या भरावावर उभ्या राहिलेल्या इमारतीची वास्तुशांत करण्यास आम्ही गेलो आहो आणि दक्षिणाही घेतली आहे. विड्याला जो कात लावतो तो सह्याद्रीच्या खैराचा. ते खैर कोठे उभे होते आणि आता तेथे काय आहे, हे आम्ही कधी विचारले नाही.

वाळवंटाचा दृष्टान्त देतो. आषाढीस लक्षावधी वारकरी चंद्रभागेवर येतात. प्रत्येक जण स्नान करतो, फराळ करतो, आणि एक द्रोण, एक कागद, एक प्लास्टिकची पिशवी मागे ठेवतो. एका द्रोणाने चंद्रभागा मळत नाही हे खरे. प्रत्येकास वेगळे विचारा, प्रत्येक जण निर्दोष आहे. तरी द्वादशीच्या सकाळी वाळवंटाकडे पाहवत नाही, हेही तितकेच खरे. तेथे कोणाचेही पाप मोठे नाही आणि मिळून झालेली घाण मात्र मोठी आहे. आपल्या जुन्या ग्रंथांत एकट्याच्या कर्माचा विचार सूक्ष्म आहे. सर्वांनी मिळून थोडे थोडे केलेल्या कर्माचा विचार आता आपणांस करावा लागणार आहे. त्याचा आरंभ वारकऱ्याने करावा, कारण मिळून चालणे आपणांस ठाऊक आहे. दिंडीत एकाचा पाय चुकला तर सगळी रांग थांबते.

मग करावयाचे काय? थोडक्यात सांगतो. चिपळूणकरांनी एक मार्ग दाखविला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी वाशिष्ठीतला गाळ काढावा म्हणून साखळी उपोषण केले, आणि त्यानंतर जलसंपदा विभागाने व नाम फाउंडेशनने गाळ उपसण्यास हात घातला. आम्ही उपोषणे पुष्कळ करतो, महिन्याला दोन. नदीसाठी उपोषण हे आम्हांस नवे होते. आपापल्या गावचा पऱ्ह्या, वहाळ पावसाळ्यापूर्वी मोकळा करणे हे कोणत्याही सप्ताहाइतकेच पुण्याचे काम आहे. नदीच्या पुराची निळी आणि लाल अशी रेषा सरकार आखते. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्या रेषेवरून शहरात तंटे आहेत आणि ज्यांची जुनी घरे आत सापडली त्यांची अडचण खरी आहे. पण निदान नवे देऊळ, नवी धर्मशाळा आपण त्या रेषेच्या आत बांधू नये. दिंडीने पंढरीहून परत येताना एक तरी झाड लावण्याचा नेम घ्यावा, आणि लावलेले जगविण्याचा त्याहून मोठा नेम घ्यावा. जेथे पायी जाता येते तेथे पायी जावे. हे तर वारकऱ्यास सांगावयास नको.

"बुवा, एवढ्याने पाऊस थांबणार काय?" नाही थांबणार. आम्ही खोटी आशा दाखवीत नाही. हवेत गेलेला धूर शेकडो वर्षे राहणारा आहे, आणि आपल्या पश्चातही डाव जडच पडणार आहेत. पण फळ दिसेल तरच कर्म करीन, असे म्हणणाऱ्यास गीता वाचण्याचे कारणच उरत नाही. गाडीच्या टपावर बसलेल्या त्या एस. टी. च्या माणसांना पूर थांबविता येत नव्हता. जे आपल्या हाती सोपविले आहे ते पाण्यात जाऊ द्यावयाचे नाही, एवढेच त्यांच्या हाती होते, आणि तेवढे त्यांनी केले. आपल्या हाती नदी सोपविली आहे, डोंगर सोपविला आहे.

शेवटी त्या माउलीची हकीकत सांगून पुरे करतो. देवळे उघडल्यावर, कार्तिकात, आम्ही पुन्हा चिपळुणास गेलो. ती त्याच पायरीवर भेटली. घराला नवा चुना लावला होता. भिंतीवर पाण्याची रेघ मात्र चुन्यातूनही दिसत होती. आम्ही तिला म्हणालो, "माउली, त्या दिवशी तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर राहिलं होतं. देव तुमच्यावर रागावलेला नाही. तुमचं काही चुकलं असेल तर ते आम्हाला दिसत नाही. आमचं काय चुकलं ते मात्र दिसतं."

ती जरा वेळ त्या रेघेकडे पाहत बसली. मग म्हणाली, "मग बुवा, हे कीर्तनात का नाही सांगत?"

त्या दिवसापासून सांगतो आहोत. २००५ साली जे सभेतून उठून गेले, त्या गृहस्थांच्या दृष्टीस हा लेख पडला तर त्यांनी आम्हांस क्षमा करावी, एवढीच विनंती.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल. रामकृष्ण हरि.